ओमाहा पोकर: नव्या खेळाडूंचे प्रश्न

प्रश्न: होल्डेम (हातात दोनच पानं असणारा पोकर) बऱ्यापैकी येतं म्हणून ओमाहा खेळायला बसलो. बोर्डवर (टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पानांत) चार बदाम, माझ्या हातात बदामचा एक्का. सगळ्या चिप्स लावल्या आणि समोरच्याने बदामची पंजी-तिर्री दाखवून पॉट (मधे जमलेले पैसे) नेला. असं कसं?

तुमच्याकडे फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) नव्हताच. ओमाहात हातातल्या चारांपैकी नेमकी दोन आणि बोर्डवरच्या पाचांपैकी नेमकी तीन पानं धरायची असतात. हातातलं एकच धरून चालत नाही. होल्डेममधून आलेले बहुतेक जण इथे एकदा तरी आपटतात.

याच नियमाची दुसरी बाजूही पाहून ठेवा. बोर्डवर तीन राजे आणि दोन अठ्ठ्या पडल्या, तर होल्डेममध्ये सगळ्यांचंच फुल हाऊस (तीन सारखी आणि दोन सारखी पानं) होतं. ओमाहात हातात जोडी किंवा राजा नसेल, तर एक अठ्ठी असूनही तुमच्याकडे नुसते तीन राजे उरतात. रिव्हर (बोर्डवरचं पाचवं, शेवटचं पान) पडल्यावर आधी हातातली दोन पानं ठरवा, मग बोर्डवरची तीन शोधा. उलट क्रमाने पाहिलं की डोळा फसतो.

प्रश्न: चार पानं असल्यामुळे प्रत्येक हात खेळावासा वाटतो. टाकून कोणते द्यायचे?

बरेचसे. चार पानांतून दोन-दोनच्या सहा जोड्या निघतात. त्या सहांपैकी किती कामाच्या आहेत, यावर हाताची किंमत ठरते. गुलाम-दश्शी इस्पिकची आणि नव्वी-अठ्ठी बदामची असेल, तर कुठलीही दोन पानं उचला, त्यांचं एकमेकांशी जमतं. याउलट दोन एक्के, सत्ती आणि दुर्री, चारही वेगळ्या रंगांची: इथे दमदार जोडी एकच, ती एक्क्यांची. बाकी पानं नुसती सोबतीला. हा हात फ्लॉपपर्यंत (बोर्डवरची पहिली तीन पानं पडेपर्यंत) बरा असतो; फ्लॉपवर काही लागलं नाही तर त्याच्या प्रेमात राहू नका.

एक्क्यांचा दरारा ओमाहात तसाही कमी. होल्डेममध्ये एक्क्यांची जोडी कुठल्याही अनोळखी हाताविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. ओमाहात दोन एक्के, दोन राजे, तेही दोन-दोन पानं एका रंगाची, असा सर्वोत्तम मानला जाणारा हात घ्या. समोर दोन रंगांतली अठ्ठी-सत्ती-छक्की-पंजी असेल तर सामना साधारण ६०-४० चा होतो.

हातात तीन सत्त्या आल्या तर खूश होऊ नका. वापरता दोनच येतात, आणि सेट (हातातली जोडी आणि बोर्डवरचं तसंच तिसरं पान) करणारी एक सत्ती तुम्हीच अडवून बसलेले असता. एकाच रंगाची चार पानं आली तरी रडगाणं तेच.

प्रश्न: स्ट्रेटच्या (ओळीने पाच पानं) ड्रॉवर, म्हणजे तो लागायची वाट पाहताना, किती पैसे लावावेत? कधी लागतो तरी पॉट दुसराच नेतो.

आधी आउट्स (तुमचा हात पूर्ण करणारी उरलेली पानं) मोजा, मग त्यांतले नट (ज्यांनी त्या बोर्डवरचा सर्वात वरचा हात होतो ते) किती ते मोजा. दुसरी मोजणी नवे खेळाडू करतच नाहीत.

हातात गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की आहे. फ्लॉप नव्वी, अठ्ठी, दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची. राणी, गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की, पंजी यांतलं काहीही पडलं की स्ट्रेट होतो. असे एकूण २० आउट्स, म्हणजे रिव्हरपर्यंत स्ट्रेट लागायची शक्यता जवळपास ७० टक्के. होल्डेममधल्या दोन्ही बाजूंनी उघड्या ड्रॉला आठच आउट्स असतात, म्हणून हा आकडा बघून माणूस हरखतो. पण टर्नला (बोर्डवरचं चौथं पान) गुलाम पडला तर राणी-दश्शीवाला तुमच्या पुढे, दश्शी पडली तर राणी-गुलामवाला. तेव्हा नट आउट्स १४ च. तरीही हा उत्तम ड्रॉ आहे, जोरात खेळा. मात्र टर्नवर बोर्डची जोडी लागली किंवा रिव्हरला एका रंगाची तीन पानं झाली, की स्ट्रेटची किंमत झपाट्याने उतरते.

राजाचा फ्लश आणि सर्वात खालचा सेट यांचंही असंच. चार-पाच जण पॉटमध्ये असताना मोठी रेझ (वाढवून लावलेली रक्कम) आली, तर समोर त्याहून वरचं काहीतरी असण्याची शक्यता ओमाहात खूपच जास्त असते. माझं स्पष्ट मत: पहिले काही महिने अशा पानांवर छोटे पॉट खेळा, मोठे टाळा.

प्रश्न: पॉट-लिमिटमध्ये (पॉटएवढीच रेझ करू देणारा प्रकार) जास्तीत जास्त किती रेझ करता येते, हे कधीच कळत नाही.

आधी मनातल्या मनात कॉल करा (समोरच्याएवढे पैसे टाका), मग पॉट मोजा. पॉट १००, समोरच्याची बेट (लावलेली रक्कम) ५०. तुमच्या कॉलचे ५० धरले की पॉट २००. तेवढीच रेझ करता येते, म्हणजे एकूण २५० टाकायचे. १-२ च्या ब्लाइंडवर (डावाच्या सुरुवातीला सक्तीने लावायच्या रकमा) पहिली रेझ याच हिशोबाने सातपर्यंत जाते.

प्रश्न: हाय-लोमध्ये (अर्धा पॉट सर्वात वरच्या हाताला, अर्धा सर्वात खालच्या हाताला) एक्का-दुर्री होती, नट लो लागला, तरी तोटा झाला.

दुसऱ्याकडेही एक्का-दुर्री होती, आणि त्याने हायही नेला. लोचा अर्धा भाग तुम्हा दोघांत वाटला गेला आणि तुमच्या वाट्याला पॉटची चौथाई आली. दोघांचाच पॉट असेल तर तुम्ही ५० घालून २५ परत घेता. तिघांनी सारखे पैसे घातले असतील तरी तोटाच. चौघे असतील तेव्हा कुठे बरोबरी होते. म्हणून नुसत्या एक्का-दुर्रीवर, हायची काहीच आशा नसताना, दोघांच्या पॉटमध्ये रिव्हरला रेझ करू नका. सोबत तिर्री असेल तर गोष्ट थोडी निराळी: बोर्डवर दुर्री पडली तरी एक्का-तिर्रीवर लो टिकतो. आणि एक्क्याच्या रंगाचं आणखी एक पान हातात असलं, तर हायच्या अर्ध्या भागावरही तुमचा डोळा राहतो.