नव्या कॅम्प कमांडरला

प्रिय मित्रा,

‘सन्स ऑफ युनियन व्हेटरन्स’ म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या (युनियनच्या) बाजूने लढलेल्या सैनिकांच्या वंशजांची संघटना. तिच्या तुमच्या कॅम्पने, म्हणजे स्थानिक शाखेने, तुला कमांडर निवडलं, अभिनंदन. निळा गणवेश वर्षातून मोजकेच दिवस अंगावर चढेल. बाकी सगळं कागद आणि दगड.

सदस्यत्वासाठी कुणी आलं की पणजोबांच्या शौर्यकथा जरूर ऐक, पण सही पुरावा बघूनच कर. अर्जदारापासून यादवी युद्धातल्या सैनिकापर्यंत प्रत्येक पिढीचा दुवा कागदावर हवा. फसगत होते ती जनगणनेत. 1850 ते 1870 च्या नोंदींत घरातल्यांची नावं आहेत, कुटुंबप्रमुखाशी नातं नाही. ते 1880 पासून लिहू लागले. म्हणजे त्या घरातला पोरगा मुलगा की पुतण्या, हे 1870 चा कागद सांगत नाही. 1890 च्या बहुतेक नोंदी तर 1921 च्या आगीपायी गेल्या. तिथे अडलास की राष्ट्रीय अभिलेखागारातून विधवेच्या पेन्शनची फाइल मागव. पेन्शनसाठी बाईला लग्नाचा आणि लहान मुलांच्या जन्माचा पुरावा द्यावा लागे. तुझं निम्मं काम तिनेच करून ठेवलेलं असतं. एकाच नावाचे सैनिक मात्र ढिगाने सापडतात. रेजिमेंट आणि कंपनी जुळल्याशिवाय ‘हाच तो’ म्हणू नकोस.

बिनखुणेच्या थडग्यासाठी अमेरिकन सरकारचं व्हेटरन्स (माजी सैनिक) खातं दगड फुकट देतं, आणि इतक्या जुन्या सैनिकासाठी अर्ज करायला वंशजच लागतो असं नाही. उभा संगमरवरी दगड 42 इंच उंच, 13 रुंद, 4 जाड. वजन सुमारे 230 पौंड. खासगी दफनभूमीत तो बसवायचा खर्च मात्र आपला. म्हणून परवानगी आणि बसवणारी माणसं आधी ठरव, नाहीतर दगड कुणाच्या तरी गॅरेजमध्ये पडून राहतो.

जुने दगड धुताना ब्लीच आणि तारेचा ब्रश हद्दपार. ब्लीचचे क्षार संगमरवरात मुरतात, पुढे पृष्ठभागाचे पोपडे सुटतात. दगड आधी भिजव, मऊ ब्रशने खालून वर घास, भरपूर पाण्याने धू. डगमगणाऱ्या दगडाला हात लावू नकोस.

मेमोरियल डेला, म्हणजे युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, झेंडा आधी थेट टोकापर्यंत चढवून मग अर्ध्यावर आणायचा, आणि दुपारी 12 ला पुन्हा टोकाला. हे दुपारचं हमखास विसरतात, कारण तोवर सगळे जेवणाकडे वळलेले असतात. एका माणसाला तेवढंच काम दे.

शेवटी कर. छोट्या कॅम्पचं 990-एन, म्हणजे करखात्याला दरवर्षी द्यायचं विवरण, ऑनलाइन, दहा मिनिटांचं. पण लागोपाठ 3 वर्षं चुकलं की करमाफी आपोआप रद्द होते. बहुतेकदा खजिनदार बदलतो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. तो आजच मागून घे.

तुझा,
एक माजी कमांडर