दुधाचं काय करायचं?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावातून पाच माणसं आली आणि माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्च्या तीनच. सासूबाई, नणंद आणि नणंदेचा नवरा बसले. जिच्या पोटात मूल वाढायचं होतं ती शिल्पा (नाव अर्थातच बदललंय) दाराला टेकून उभी, तिच्यामागे तिचा नवरा. कोण कुठे बसतं ते मी नेहमी बघते. अर्धी केस तिथेच कळते.

नणंदेच्या पहिल्या बाळंतपणात रक्त थांबेना म्हणून गर्भपिशवी काढावी लागली होती. बाळही हाती लागलं नाही. बीजकोश शाबूत होते, म्हणजे बीज तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, फक्त वाढवायला जागा नाही. "आमची सून तयार आहे," सासूबाई म्हणाल्या. सून पर्समधली शिवणाची टेप बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. ब्लाऊज शिवून घराला हातभार लावणारी बाई.

बाकीच्यांना मी खाली चहाला पाठवलं. सरोगसीसाठी, म्हणजे दुसऱ्या जोडप्याचं मूल आपल्या पोटात वाढवायला, येणारी बाई एकटी बोलल्याशिवाय मी पुढे जात नाही. आता ही विचारणार, लळा लागला तर? सगळ्याच विचारतात. तिने विचारलं, "मॅडम, दूध येणार ना? त्याचं काय करायचं?"

प्रश्न लळ्याचाच होता, फक्त ब्लाऊज शिवणाऱ्या बाईच्या भाषेत. मी सरळ उत्तर दिलं. येणार. कागदावर आई कोण ते शरीराला कळत नाही, दोन ते चार दिवसांत छाती भरते. दूध थांबवायची गोळी मिळते, पण रक्तदाब वाढलेला असेल तर ती सगळ्यांना चालत नाही, म्हणून डॉक्टरशी आधी बोलायचं. नाहीतर नीट आधार देणारं अंतर्वस्त्र घालायचं, थंड कापड ठेवायचं, उगाच पिळायचं नाही. किंवा दोन्ही घरांचं पटलं तर काढून बाळाला द्यायचं. काय ते बाळंतपणाच्या आधी ठरवायचं. हॉस्पिटलच्या खाटेवर हा निर्णय नको.

आणि लळा? ब्रिटनमध्ये ३४ सरोगेट बायकांशी बोलून केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. बाळ सोपवताना त्यातल्या कुणालाही अडचण आली नव्हती. काहींना नंतरचे आठवडे जड गेले, मग तेही ओसरलं. माझ्याकडच्या बायकांचंही साधारण तसंच. पण त्या बायका ब्रिटनच्या, आणि इथे बाळ दर गणेश चवथीला मूळ घरी, गणपतीवर फळं-भाज्या टांगून बांधतात त्याच माटोळीखाली समोर येणार. हा फरक मी तिच्यापासून लपवला नाही.

तिला वाटत होतं, एक इंजेक्शन आणि मग नऊ महिने. तसं नसतं. आधी पिशवीचं अस्तर जाड व्हावं म्हणून गोळ्या, सोनोग्राफीसाठी पुन्हा पुन्हा बसचे हेलपाटे. प्रयोगशाळेत तयार झालेला गर्भ पिशवीत सोडायला पाच-दहा मिनिटं पुरतात, पण नंतर साधारण दोन आठवडे रक्ततपासणीची वाट बघायची, आणि गर्भ राहिला तर तिसऱ्या महिन्यापर्यंत प्रोजेस्टेरॉन, गर्भ टिकवणारं संप्रेरक. त्याची तेलकट इंजेक्शनं कमरेखाली घेतली की गाठी होतात, आणि मशीनवर बसायचं म्हणजे तिथेच बसायचं. "हे कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली.

घरच्यांना घाई होती. २०२१चा सरोगसी कायदा २५ जानेवारी २०२२पासून लागू आहे. त्याप्रमाणे गर्भ सोडायच्या दिवशी सरोगेटचं वय २५ ते ३५ हवं, तिला स्वतःचं मूल असायला हवं, आणि ती आयुष्यात एकदाच सरोगेट होऊ शकते. शिल्पा साडेचौतीस वर्षांची. शिवाय पालकत्वाचा न्यायालयाचा आदेश आधी घ्यायचा, तिचा ३६ महिन्यांचा विमा काढायचा, कागदांना वेळ लागतोच. त्या घाईत एक गोष्ट तिला कुणी सांगितलीच नव्हती: गर्भ पिशवीत सोडेपर्यंत ती नाही म्हणू शकते. मी दोनदा सांगितली. नंतरही तिच्या लेखी संमतीशिवाय गर्भपात करता येत नाही, तेही सांगितलं.

मग घराच्या छपरावरच्या पत्र्यांचं निघालं. खाण बंद पडल्यापासून नवऱ्याची कमाई बेभरवशाची, आणि नणंदेच्या नवऱ्याने "छपराचं मी बघतो" म्हटलं होतं. चांगल्या मनानेच. पण कायद्यात औषधपाणी, विमा आणि नियमात बसणारा खर्च एवढंच. त्यापलीकडे काही दिलं-घेतलं तर ती व्यावसायिक सरोगसी, दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. मला कायद्याहून वेगळीच भीती होती. छप्पर नवं झालं की त्याच्याखाली "नको" म्हणायची सोय राहत नाही. छपराचं बोलणं तिथेच थांबवलं.

सासूबाईंनी निघताना हळूच विचारलं, मुलाचा आमच्या घरात वाटा लागेल का? गोव्यात हा प्रश्न येतोच, इथल्या कायद्याने मुलांचा वाटा राखलेला असतो. सांगितलं, कायद्याने मूल नणंदेचं आणि तिच्या नवऱ्याचं, त्याचे हक्क त्यांच्याकडून येणार, सुनेकडून नाही.

पंधरा दिवसांनी शिल्पा एकटी आली. होय म्हणाली.

पहिल्या खेपेला राहिलं नाही. "ताईचं बीज वाया घालवलं मी," म्हणत रडली. तीन खेपांपर्यंत परवानगी असते, आणि गर्भ न रुजणं हा बाईचा गुन्हा नव्हे, हे समजवायला तीन बैठका गेल्या. दुसऱ्या खेपेला राहिलं.

यात माझी एक चूक झाली. तिच्या सात वर्षांच्या मुलीचा मी विचारच केला नव्हता. पाचव्या महिन्यात शिल्पाचा फोन: मुलगी विचारतेय, "आत्येला बाळ देणार, तसं मलाही कुणाला देणार?" तेव्हापासून मी पहिल्याच बैठकीत मुलांचं विचारते. आम्ही एक वाक्य बसवलं: बाळ आत्येचंच, तिच्याकडे जागा नाही म्हणून माझ्याकडे वाढतंय. पोरीने ते शाळेत, देवळात, पाव विकणाऱ्या पोदेरालाही सांगितलं. गावाला काय सांगायचं ही मोठ्यांची चिंता तिने परस्पर मिटवली.

मुलगी झाली. दूध तिसऱ्या दिवशी आलं. रक्तदाब ठीक होता, गोळी आधीच ठरलेली. तरी शेजारच्या खाटेवरचं बाळ रडलं आणि ब्लाऊज भिजला. रात्री साडेअकराला फोन आला. मी फार काही बोलले नाही. ती रडत होती आणि मध्येच म्हणत होती, "मॅडम, मला ती नकोय, खरंच नकोय, तरी रडू येतंय." दोन्ही खरं असू शकतं, एवढंच मी म्हटलं.

चवथीनंतर पुन्हा फोन. माटोळी बांधून झाली होती, ती नेवऱ्या तळत होती, आणि एका म्हाताऱ्या मावशीने बाळ तिच्यापुढे धरलं, "घे गे, तुझंच ते." घरात एकदम सगळे गप्प.

"मग?"

"मग काय मॅडम, तेल तापलं होतं. म्हटलं, मावशी, माझी भाची ती, तिला जरा लांब धरा, शिंतोडे उडतात."