संध्याकाळची घालमेल आणि लव्हेंडरचं तेल

प्रश्न : सासूबाई 79 वर्षांच्या, अल्झायमर आहे. दुपारी चार वाजले की येरझाऱ्या सुरू, 'मला घरी जायचंय' हा धोशा. उशीवर लव्हेंडरचं तेल टाका, असं कुणी सुचवलं. उपयोग होतो का? किती टाकायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी एक सांगा, हे कधीपासून? दोन-तीन दिवसांतच वाढलं असेल तर तेल राहू द्या. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणं, नवं औषध, यांपैकी काहीतरी असतं; डॉक्टरांना दाखवा.

जुनंच असेल तर करून बघा, पण भिस्त ठेवू नका. ब्रिटनमध्ये 2002 साली 72 रुग्णांवर लेमन बामचं (लिंबासारख्या वासाच्या एका वनस्पतीचं) तेल वापरलं, तेव्हा अस्वस्थता बरीच उतरली. 2011 साली तिथेच पुन्हा प्रयोग झाला : एका गटाच्या हातांना लेमन बामचं तेल चोळलं, दुसऱ्याच्या हातांना साधं. वासावरून गट ओळखू येऊ नये म्हणून तपासणाऱ्यांच्या नाकाला चिमटे लावले होते. या खेपेला साध्या तेलाच्या गटातही तितकाच फरक दिसला. अल्झायमरमध्ये वासाची जाण लवकर मंदावते, त्यामुळे गुण वासापेक्षा हात चोळण्याचाच असावा.

म्हणून उशी नको. रात्रभर गाल त्यावर घासला की कातडी आणि डोळे चुरचुरतात. चहाचे दोन चमचे, म्हणजे 10 मिली खोबरेल घ्या, त्यात लव्हेंडरचे 2 थेंब. एवढं साधारण 1 टक्का होतं. थंडीत खोबरेल थिजलं तर वाटी कोमट पाण्यात ठेवा. कोपराच्या आत थोडं लावून 24 तास बघा. लाली आली नाही तर रोज साडेतीनला, घालमेल सुरू व्हायच्या आधी, समोर बसा. 'हाताला तेल लावते हं' म्हणा आणि मनगटापासून बोटांकडे सावकाश चोळा, एकेका हाताला पाच मिनिटं. हात ओढून घेतला तर तिथेच थांबा. शेवटी तळवे कोरडे पुसा, नाहीतर काठी निसटते.

लव्हेंडर कधी हुंगलंच नसेल तर त्यांना तो फिनाईलचा वास वाटेल! मग नुसतं खोबरेलच बरं. कापूर आणि निलगिरी मात्र टाळा, त्यांनी फिट येऊ शकते. दमा असेल तर उदबत्तीही नको.

बाटली कुलपात ठेवा. औषध किंवा सरबत समजून तोंडाला लावली जाते. तसं झालंच तर उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.