पहिल्यांदाच महासागर ओलांडताना

कॅनरी बेटांवरून कॅरिबियन गाठायचं तुझ्या मनात आहे, म्हणजे अटलांटिक ओलांडून साधारण २,७०० सागरी मैल, शिडाच्या छोट्या बोटीवर जवळपास तीन आठवडे. छान बेत आहे, नक्की जा. पहिले तीन दिवस मात्र फक्त अंग रुळायला द्यायचे, असं आधीच ठरव.

बोट लागेल, त्यात लाज काही नाही. गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच घ्यायची. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. गोळीने किती गुंगी येते तेही घरीच घेऊन बघ. केबिनमध्ये मोबाईल बघत बसू नकोस. वर मोकळ्या हवेत बस, नजर क्षितिजावर. नवखे सगळ्यात मोठी चूक करतात ती म्हणजे मळमळतंय म्हणून पाणी पिणंच सोडतात. घोटघोट पीत राहा, सोबत कोरडी बिस्किटं आणि आलेपाक.

बाकी एवढंच सांभाळ:

- पहाऱ्याची पाळी संपली की लगेच झोप. गप्पांत घालवलेली झोप रात्रीच्या पाळीत नडते.
- रात्री डेकवर सुरक्षेचा पट्टा बोटीला अडकवल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. उलटीसाठी कठड्यावर वाकू नकोस, बादली घे. हे मी हात जोडून सांगतोय.
- खारे कपडे अंथरुणावर नकोत. मीठ हवेतला ओलावा ओढतं, मग काहीच वाळत नाही.

शिडं, नकाशे, तारे सध्या राहू देत. चौथ्या दिवशी अंग रुळून भूक लागली की त्याबद्दल कप्तानाला आपणहून विचार.