वाचकांचे प्रश्न : घरकामाचा वाटा, मोडणारा नेम आणि मित्राची बढती

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. घरातलं बहुतेक काम मीच करते असं मला वाटतं. नवऱ्याला वाटतं, तोच करतो. खरं कोणाचं?

उत्तर : दोघंही खोटं बोलत नाही आहात. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं होतं, घरच्या अमुक जबाबदारीत तुमचा वाटा किती? बहुतेक कामांत दोघांच्या वाट्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या पुढे गेली. आपण घासलेलं भांडं आठवतं, दुसऱ्यानं घासलेलं नुसतं जागेवर दिसतं.

तेव्हा टक्के सोडा आणि सात दिवस एकाच वहीत दोघांनी कामं लिहा. मात्र प्रत्येक काम उलगडून लिहायचं. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचंच घ्या. पाकिटात चारच उरल्यात हे ध्यानात येणं, डॉक्टरांची चिठ्ठी शोधणं, दुकानातून गोळ्या आणणं, डबीत वारांप्रमाणे भरणं. आणणाऱ्याला वाटतं, औषधांचं मीच बघतो. उरलेली तीन कामं कुणाच्या हिशेबातच येत नाहीत, आणि थकवा बहुधा त्यांचाच असतो.

आठव्या दिवशी वाटणी करा, पण कामाचे तुकडे न करता. औषधं ज्याच्याकडे, त्याच्याकडे ती पहिल्यापासून शेवटपर्यंत. नाहीतर ‘सांगितलं असतंस तर केलं असतं’ हे वाक्य येतंच, आणि सांगायचं काम पुन्हा एकाच्याच गळ्यात पडतं. वाटणी बिघडते ती देखरेखीनं. डबी उलट्या क्रमानं भरली म्हणून हातातून काढून घेतलीत, तर ते काम कायमचं तुमचं झालं. गोळी चुकत असेल तर जरूर बोला, बाकी पद्धत त्याची त्याला ठरवू द्या. भांडण चालू असताना मात्र ही वही उघडू नका, तिचं आरोपपत्र होतं.

प्रश्न : बढतीच्या परीक्षेसाठी रोज दोन तास अभ्यासाचा नेम करतो. दहा-बारा दिवसांत मोडतो. माझ्यात जिद्दच नाही का?

उत्तर : जिद्दीला इतक्यात दोष देऊ नका, आधी अंदाज तपासा. १९९४ सालच्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध पुरा व्हायला सरासरी ३४ दिवस लागतील असं सांगितलं. लागले ५५ च्या वर. आपण सगळं सुरळीत गेलं तर काय होईल तेवढंच धरतो. गेल्या महिन्यात रोज खरोखर किती वेळ मोकळा मिळाला तो मोजा, त्याच्या निम्म्यावर नेम बांधा. तो पंचवीस मिनिटांवर आला तरी येऊ दे.

‘रात्री वाचेन’ असं ठरवू नका. ‘जेवणाचं ताट धुतलं की त्याच टेबलावर पुस्तक उघडेन’ असं ठरवा, आणि पुस्तक सकाळीच तिथे ठेवून निघा. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ निघाला, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. म्हणजे तुम्ही बाराव्या दिवशी स्वतःला नापास करताय! त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. नेम सुटतो तो चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी चार तास बसायला गेल्यानं. भरपाई करू नका.

प्रश्न : जवळच्या मित्राला बढती मिळाली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. मी इतका वाईट आहे का?

उत्तर : मुळीच नाही. मोजायला पक्की पट्टी नसली की माणूस आपल्यासारख्याच माणसाशी स्वतःला ताडून बघतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडलं. म्हणून परक्या धनाढ्यापेक्षा वर्गमित्राचं यश जास्त टोचतं. आज त्याला फोन करा, दोनच मिनिटं, स्वतःच्या नोकरीचा विषय न काढता. मग कागदावर लिहा, त्याच्याकडचं नक्की काय हवंय : पद, पैसा की चारचौघांतलं कौतुक? उत्तर ‘पद’ आलं, तर पुढच्या आठवड्यात त्यालाच विचारा, बढतीच्या मुलाखतीत त्यानं कोणतं काम पुढे ठेवलं होतं.