सुट्टीत एमआरआय आहे. नवऱ्याला सोबत नेऊ की एकटीच जाऊन येऊ?

तुम्ही लिहिलंय की ऐन सुट्टीत मेंदूच्या एमआरआयची वेळ मिळाली आहे. नवरा सोबत येतो म्हणतोय, पण वर्षभरात त्याला हेच काय ते चार मोकळे दिवस मिळतात, ते दवाखान्यात कशाला घालवायचे, म्हणून तुम्ही एकटीनंच उरकून यायचं म्हणताय.

एकट्या जाऊ नका. मीही अगदी हेच ठरवलं होतं. माझा नवरा माझं न ऐकता सोबत आला, त्याचं मला आजही बरं वाटतं.

माझाही मेंदूचाच होता. डोकं सारखं दुखायचं, मधूनच एका बाजूचं दिसेनासं व्हायचं. वेळ बदलून सुट्टीनंतरची घेऊया, असं मी म्हणत होते. तो म्हणाला, "म्हणजे सगळी सुट्टी तू छताकडे बघत काढणार आणि मी तुझ्याकडे. त्यापेक्षा जाऊन येऊ."

तिथे गेल्यावर आधी एक फॉर्म भरायला देतात. पेसमेकर, क्लिप, प्लेट, स्क्रू, शरीरात कुठेही धातू आहे का, जुनी ऑपरेशनं कोणती, मूत्रपिंडाचा त्रास, ॲलर्जी, गरोदर आहात का. घाबरलेल्या माणसाला यातलं निम्मं आठवत नाही. माझ्या मनगटात जुनी प्लेट आहे आणि मी खुशाल "नाही"वर खूण केली होती. त्यानं शेजारून वाचलं, मला दाखवलं, आणि पिशवीतून त्या ऑपरेशनचा कागदही काढून दिला. बऱ्याच प्लेट चालतात, पण ते त्यांनी बघून ठरवायचं असतं. सुट्टीत माणसं कमी असतात, कागद हाताशी नसला तर तिथेच खोळंबायला होतं. त्यामुळे जुनी फाइल नवऱ्याच्या हातात द्या.

मग अंगठी. ती निघेचना. तिथलं चुंबक कुणाचं स्कॅनिंग चालू नसतानाही चालूच असतं. नेहमीचं मशीन १.५ टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या जवळपास ३०,००० पट. तेव्हा राहू दे म्हणून चालत नाही. तो मला बेसिनपाशी घेऊन गेला, बोटाला साबण लावला आणि एकेक वेढा देत हळूहळू ती सरकवू लागला. पाचेक मिनिटं आम्ही दोघं त्या एका बोटाकडे बघत उभे होतो. त्या दिवशी मनात दुसरं काहीच नव्हतं अशी तेवढीच पाच मिनिटं.

आता हे मुद्दाम विचारा: सोबतच्या माणसाला आत बसू देतील का? एमआरआयमध्ये सीटी स्कॅनसारखे क्ष-किरण नसतात. त्यामुळे काही ठिकाणी जोडीदारालाही तोच फॉर्म भरून, अंगावरचं धातूचं सगळं काढून, कानात बोळे घालून आत थांबू देतात. सगळीकडे नाही. आम्हाला दिलं. डोक्याभोवती जो पिंजरा बसवतात त्याला माझ्या वेळी छोटा आरसा होता, त्यातून पायांकडचं दिसायचं. तिथे तो खुर्चीवर बसलेला. पाय मशीनच्या बाहेरच होते, त्यानं माझ्या पावलावर नुसता हात ठेवला होता.

आवाज मोठा असतो. आतल्या कॉइलमधून, म्हणजे तारांच्या वेटोळ्यांमधून, वीज झपाट्यानं उलटसुलट फिरते आणि कॉइल थरथरतात, त्याची ही ठकठक. एक प्रकार काही मिनिटं चालतो, थांबतो, मग दुसरा सूर लागतो. प्रत्येक वेळी आवाज थांबला की तो पावलावर एकदा दाबायचा. मी तेवढंच मोजत राहिले. हातात रबरी फुगा देतात, असह्य झालं तर तो दाबायचा, लगेच बाहेर काढतात. बंद जागेची भीती असेल तर हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना सांगा.

खरा कठीण भाग त्यानंतरचा. टेक्निशियन काही सांगत नाहीत, त्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका. रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट लिहितात, सुट्टीत त्याला जास्त वेळ लागू शकतो, आणि तुमचे डॉक्टरही रजेवर असू शकतात. निघण्याआधीच विचारून घ्या: रिपोर्ट कधी येणार, आणि समजावून कोण सांगणार? माझा चार दिवसांनी आला. त्या चार दिवसांत सगळ्या नातेवाइकांचे फोन त्यानं घेतले. "काही होणार नाही" असं एकदाही म्हणाला नाही, त्याचं मला फार बरं वाटलं. "आला की दोघं मिळून वाचू," एवढंच. माझा रिपोर्ट नॉर्मल आला, दुखणं मायग्रेनचं निघालं. पण मधल्या काळात अचानक भयंकर डोकं दुखलं, बोलताना जीभ अडखळली, हातपाय लुळा पडला किंवा फिट आली, तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

त्याला येऊ दे. आणि अंगठी आदल्या रात्रीच काढून ठेवा, साबण लागलाच तर घरी लागू दे.