मातीने माखलेल्या लाकडासाठी चेनसॉला कार्बाइडची चेन घ्यावी का? धार घरी लावता येते का?

तुमच्या काजूच्या बागेतले मातीत लोळलेले ओंडके कापताना साधी चेन तासाभरात बोथट होते, म्हणून कार्बाइडची, म्हणजे दातांवर त्या अतिकठीण पदार्थाचे तुकडे बसवलेली, घेऊ का आणि तिला कानस चालते का, असं तुम्ही विचारलंय. घ्या. कानस चालत नाही. पण एवढ्यावर मला थांबता येत नाही, कारण याच चेनीवरून माझं आणि मोठ्या भावाचं 2021 पासून वाजलेलं आहे.

आमचं झाडं कापण्याचं काम गोव्यात, डिचोली-साखळी भागात. इथली तांबडी माती तुम्हाला सांगायला नको. खाणीच्या ट्रकांच्या वाटेवरच्या झाडांच्या सालीत तर ती भेगाभेगांत घट्ट बसलेली असते. 16 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ आलं आणि पुढचे पंधरा दिवस आम्ही फक्त पडलेली झाडं कापत होतो. फणस, आंबे, माड. मुळासकट उपटलेलं झाड म्हणजे निम्मं खोड चिखलात. साधी चेन दिवसातून चार वेळा कानस मागायची. मातीतली वाळू पोलादापेक्षा कठीण, ती दाताचा कोपरा गोल करून टाकते. मग ढलप्या उडायच्या बंद होतात आणि पिठासारखा भुसा पडायला लागतो. टंगस्टन कार्बाइड त्या वाळूपेक्षाही कठीण, म्हणून टिकतं. माडालाही हीच चेन बरी. त्याच्या लाकडात मुळातच सिलिका असते, हत्यारं खातं ते.

तेव्हा मी पदरचे पैसे घालून चेन आणली, साधीच्या चौपट किमतीला. दोन दिवस सुरेख चालली. तिसऱ्या दिवशी दादा मशीन घेऊन शेजारच्या वाड्यावर गेला. बांधावरचा आंबा होता. बांधावरच्या झाडाला कधीतरी कुंपणाची तार ठोकलेली असते आणि झाडाने खिळे गिळलेले असतात, हे आमच्या धंद्यात पोरालाही ठाऊक. संध्याकाळी दादाने मशीन शेडमध्ये ठेवलं, काही बोलला नाही. सकाळी मी चेन उन्हात धरून भिंगातून पाहिली. पोलादी दातावर डाख देऊन बसवलेला करड्या रंगाचा बारीकसा तुकडा म्हणजे कार्बाइड. ओळीने सात दातांवरचा तो तुकडा फुटला होता, फुटलेली कड साखरेसारखी चमकत होती. दोन दातांवर तर तुकडाच नव्हता. मातीने झिजलेला कोपरा गुळगुळीत गोल होतो. असा फुटतो तो लोखंडावर.

दादा आजही म्हणतो, महागाची चेन, तीन दिवसांत दात पडले, सगळी फसवणूक. मी म्हणतो, खिळ्यावर घातलीस. साधा दात खिळ्यावर गेला तर खराब होतो, पण कानशीने मागे घेत घेत पुन्हा उभा करता येतो. कार्बाइड कठीण आहे म्हणूनच ठिसूळ आहे. त्यात एका दुकानदाराने मला खास म्हणून गोल कानस विकली. दाताला ओरखडासुद्धा आला नाही, कानसच गुळगुळीत झाली.

धारेला डायमंडचं चाक लागतं. चाक दाताला नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही. थोडं घासा, थांबा, निवू द्या. तापलेल्या दातावर पाणी ओतलंत तर बारीक तडे जातात. सगळ्यात आखूड दात शोधून बाकीचे त्याच्या मापाला आणा. डावे-उजवे दात कमीजास्त राहिले की काप तिरका जातो. कोन चेनीच्या खोक्यावर असेल तोच, साधीचा 30 अंश इथे आंधळेपणाने लावू नका. दातापुढचा डेप्थ गेज, म्हणजे दात किती खोल शिरेल ते ठरवणारा उंचवटा, मात्र पोलादाचाच, त्याला चपटी कानस चालते. बहुतेक चेनींना तो दाताच्या टोकापेक्षा 0.65 मिलिमीटर खाली ठेवतात. डायमंडचं चाक पोलादावर घासत बसलात तर चाकच जातं. आणि तोंडाला चांगला मास्क हवाच, त्या धुळीत कोबाल्ट असतो आणि तो फुप्फुसांना वाईट.

ज्याला साध्या चेनीला नीट धार लावता येत नाही, त्याने ही घेऊ नये. दादालाही मी हेच सांगत आलोय. धार लावण्याचा कंटाळा म्हणून लोक ही चेन घेतात आणि पार बोथट होईपर्यंत चालवतात.

आणि कोयत्याने साल तासायला पाच मिनिटं लागतात, ती द्या. बारच्या, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या, खालच्या बाजूने कापताना माखलेली बाजू आपल्याकडे ठेवा, म्हणजे दात स्वच्छ लाकडातून शिरतात आणि माती बाहेर फेकतात.

सांगायचं राहिलं, स्वच्छ लाकडात ही चेन साध्या धारदार चेनीपेक्षा सावकाश कापते. बार आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) मातीने झिजायचे ते झिजतातच, तेलात कंजुषी नको. उभा माड तोडणार असाल तर आधी परवानगी काढा. 2016 मध्ये तो गोव्याच्या झाडं राखण्याच्या कायद्यातून वगळला होता, पण परत झाडांत धरलाय.

तो आंब्याचा ओंडका मी नंतर जाऊन पाहिला. कापलेल्या तोंडावर तळहाताएवढा निळसर काळा डाग होता आणि मधोमध नवाकोरा वाटावा इतका चकचकीत, कापला गेलेला खिळा. तेवढी चकती कापून आणली, शेडमध्ये ठेवली आहे. कापताना भुसा काळपट यायला लागला की तिथल्या तिथे मशीन बंद करा.